उंबरठ्यावरचे राज्य : प्रस्तावना

मुंबई राज्याने १९५० साली सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा केला. सार्वजनिक न्यास कशाला म्हणायचे हे सांगताना त्या कायद्याने देऊळ, मठ, वक्फ, चर्च, सिनेगॉग आणि अग्यारी यांना एकाच वाक्यात बसवले. सगळ्यांनी नोंदणी करायची, जमाखर्च ठेवायचा, ऑडिट करून घ्यायचे, विश्वस्त बदलला की चेंज रिपोर्ट द्यायचा. धर्म आणि सरकार यांच्या नात्यावर आपल्याकडे भाषणे उदंड होतात, पण ते नाते रोजच्या रोज कसे चालते हे पाहायचे तर धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत जाऊन बसावे. देवस्थानची जमीन कोणी परस्पर विकली, दर्ग्याच्या पेटीतला पैसा कोणाच्या ताब्यात आहे, मठाच्या गादीवर कोण बसणार, न्यासाच्या इमारतीचे भाडे कुठे जाते, असे वाद तिथे वर्षानुवर्षे चालतात. सरकारने धर्मात पडू नये असे तिथे क्वचितच कोणी म्हणते. बहुतेकांची तक्रार सरकार वेळेवर येत नाही अशी असते.

या संग्रहातले लेख वेगवेगळ्या हातांचे आहेत आणि त्यांची मते एकमेकांशी जुळत नाहीत. ते एकत्र आणताना माझ्या मनात मात्र एक गोष्ट पक्की होती. आपल्या देशात धर्म फक्त देव्हाऱ्यात राहत नाही. तो जमिनीच्या उताऱ्यात आहे, पाणवठ्यावर आहे, लग्नात आणि वारसाहक्कात आहे, जातीत तर आहेच. अशा ठिकाणी सरकार गप्प राहिले तरी ते कोणाच्या तरी बाजूने गप्प राहते. म्हणून सरकारने धर्मापासून दूर राहावे की नाही, एवढ्यावर वाद घालत बसण्यात मला अर्थ वाटत नाही. विचारायचे ते असे: सरकार येते तेव्हा कोणाच्या हाकेला येते, कुठपर्यंत येते, आणि सगळ्यांच्या दारी त्याच पावलांनी येते का? माझे उत्तर या पुस्तकाच्या नावात आहे. अडवलेले दार उघडायला आणि लपवलेला हिशेब पाहायला राज्याने उंबरठ्यापर्यंत जरूर यावे. आत पूजा कशी व्हावी, खरा धर्म कोणता, कोणता भक्त अस्सल, हे ठरवणे त्याचे काम नाही.

या विषयाकडे नव्याने वळणाऱ्या वाचकाला जगातल्या वाटा आधी थोडक्यात सांगायला हव्यात. युरोपात १५५५ च्या आउग्सबुर्गच्या तहाने राजाचा पंथ तोच प्रजेचा पंथ, अशी तडजोड काढली. तिने शांतता टिकली नाही; तीस वर्षांचे युद्ध झाले आणि १६४८ चा वेस्टफालियाचा तह करावा लागला. जॉन लॉकने १६८९ साली सहिष्णुतेची बाजू मांडली, पण त्याच्या सहिष्णुतेत नास्तिकांना जागा नव्हती. अमेरिकेने १७९१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने काँग्रेसला अधिकृत धर्म स्थापायला मनाई केली. जेफर्सनने १८०२ साली एका पत्रात चर्च आणि राज्य यांच्यामधल्या भिंतीचा उल्लेख केला आणि ती भिंत पुढे न्यायालयांत गाजली; तरी मॅसॅच्युसेट्समध्ये चर्चसाठी कर घेणे १८३३ पर्यंत चालूच होते. फ्रान्सने १९०५ च्या कायद्याने कोणत्याही पंथाला मान्यता नाही आणि पगारही नाही, असे ठरवले. आल्सास-मोझेल हा भाग तेव्हा जर्मनीकडे होता. तो परत आल्यावरही तिथे जुनाच करार चालू राहिला आणि पाद्र्यांचे पगार आजही सरकार देते. इंग्लंडमध्ये राजा चर्चचा प्रमुख आहे, तरीही तिथल्या शीख किंवा हिंदू नागरिकाचे रोजचे जगणे त्यामुळे अडत नाही. जर्मनीत सरकार चर्चसाठी कर गोळा करून देते. तुर्कस्तानाने खिलाफत संपवली त्याच वर्षी, १९२४ मध्ये, धर्मव्यवहाराचे सरकारी खाते उघडले आणि इमाम सरकारी नोकर झाले.

यांपैकी एकही नमुना पूर्णपणे शुद्ध नाही, आणि ते त्यांचे वैगुण्य आहे असे मी मानत नाही. प्रत्येक देशाने आपल्या भांडणाला आपले उत्तर शोधले. मात्र त्यातल्या बहुतेकांचे मूळ भांडण एका बलाढ्य चर्चशी होते. आपल्याकडे असे एकच चर्च कधी नव्हते. आपल्याकडे जात होती, आणि जात मोडायला भिंत बांधून भागत नाही. भिंत बांधली तर आतला माणूस आतच कोंडला जातो.

महाराष्ट्राचा इतिहास इथे फार उपयोगी पडतो. शिवकालात देवळांची आणि दर्ग्यांची इनामे चालू ठेवल्याची कागदपत्रे आहेत. त्यावरून सगळे मराठेशाहीचे राज्य समन्यायी होते असा निष्कर्ष काढायची घाई करू नये. पेशवाईत कोणत्या जातीने वेदोक्त मंत्र म्हणायचे आणि कोणी पुराणोक्तावर थांबायचे, हे सरकारदरबारी ठरत होते. चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंच्या ग्रामण्याचे, म्हणजे धर्माधिकारावरून वाळीत टाकण्याचे, वाद त्याची साक्ष आहेत. श्रावणमासी पुण्यात ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. कंपनी सरकार आले, पण दक्षिणा एकदम बंद झाली नाही. तिच्यातल्या पैशातून १८२१ साली पुण्यात संस्कृत पाठशाळा निघाली आणि पुढे त्या निधीतून मराठी ग्रंथांना बक्षिसे द्यावीत म्हणून सुधारकांना अर्ज करावा लागला. धर्मासाठी ठेवलेला सरकारी पैसा कोणाच्या उपयोगी पडावा, हा वाद आपल्याकडे इतका जुना आहे.

ग्रामजोशाच्या वतनाची गोष्ट तर प्रत्येक शाळेत सांगावी अशी आहे. गावच्या जोशाला धार्मिक विधींच्या दक्षिणेचा वतनी हक्क असे. यजमानाने दुसऱ्या भटजीकडून किंवा भटजीशिवायच लग्न लावले, तरी जोशी दिवाणी कोर्टात दावा लावून आपली दक्षिणा वसूल करू शके. इंग्रजी न्यायालये असे दावे मालमत्तेचे म्हणून चालवत. म्हणजे राणीचा १८५८ चा जाहीरनामा प्रजेच्या धर्मात हात न घालण्याचे वचन देत होता आणि त्याच राणीची कोर्टे न बोलावलेल्या पुरोहिताचे पैसे शेतकऱ्याकडून काढून देत होती. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने पुरोहिताविना लग्ने लावायला सुरुवात केली तेव्हा त्यांना फक्त धर्ममार्तंडांशी लढायचे नव्हते, सरकारने राखलेल्या हक्काशीही लढायचे होते. ही सक्ती काढणारा कायदा मुंबई कायदेमंडळात १९२६ साली झाला. हस्तक्षेप करणार नाही असे म्हणणारे राज्य प्रत्यक्षात केवढा हस्तक्षेप करत असते, याचा याहून स्वच्छ दाखला मला ठाऊक नाही.

संमतिवयाचा वाद वाचकांना परिचित असेल. १८९१ च्या कायद्याने मुलीचे संमतिवय दहावरून बारा केले. टिळकांचा आक्षेप मुख्यतः परक्या सरकारच्या अधिकारावर होता. सुधारणा समाजाने आपण होऊन करावी, त्यासाठी सुधारकांनी आधी स्वतःला बांधून घ्यावे, असे त्यांचे म्हणणे होते. आगरकरांना दहा वर्षांच्या मुलीने समाज सुधारेपर्यंत थांबावे हे मान्य नव्हते. रखमाबाईंचा खटला याच सुमाराचा. लहानपणी लावून दिलेल्या लग्नातल्या नवऱ्याकडे जायला त्यांनी नकार दिला आणि मुंबईच्या हायकोर्टापुढे त्या ठाम राहिल्या. आज समान नागरी कायद्यावर किंवा तलाकवर जे युक्तिवाद होतात, त्यांतले बहुतेक त्या काही वर्षांच्या वृत्तपत्रांत सापडतात. टिळकांच्या प्रश्नाला स्वातंत्र्यानंतर वेगळे वळण लागले, कारण आता सरकार परके उरले नाही. पण अल्पसंख्य समाजातल्या एखाद्याला बहुसंख्यांच्या मतांवर निवडून आलेले सरकार कितपत आपले वाटते, हा प्रश्न उरलाच. तो टाळून पुढे जाणारी माणसे मला अप्रामाणिक वाटतात.

शाहू महाराजांचे उदाहरण माझ्या नियमाला अडचणीत टाकणारे आहे. वेदोक्त मंत्रांचा अधिकार नाकारल्याच्या प्रकरणात त्यांनी राजोपाध्यांची इनामे जप्त केली, आणि १९२० साली क्षात्रजगद्गुरूचे पीठ स्थापून एका मराठा तरुणाला त्यावर बसवले. राजाने धर्मपीठ निर्माण करणे म्हणजे उंबरठा ओलांडून थेट गाभाऱ्यात जाणे. तरीही तो निर्णय मला अन्यायाचा वाटत नाही. ज्यांच्या हाती आतली सगळी सत्ता पिढ्यान्पिढ्या होती, त्यांनी बाहेरच्याला आत येऊ देण्याची काहीही वाट ठेवली नव्हती. संग्रहातल्या कोल्हापूरवरच्या लेखात या प्रसंगाचा वेगळा अर्थ लावला आहे. तो माझ्यापेक्षा अधिक कठोर आहे.

घटना परिषदेत हे सगळे प्रवाह एकत्र आले. के. टी. शाह यांनी 'सेक्युलर' हा शब्द घटनेत घालण्याची सूचना केली ती फेटाळली गेली. तो शब्द उद्देशिकेत आला १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने. आशय मात्र १९५० पासून होता. कलम २५ प्रत्येक व्यक्तीला धर्म मानण्याचे, आचरण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य देते, पण ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि इतर मूलभूत हक्क यांच्या अधीन ठेवते. त्याच कलमात हिंदूंच्या सार्वजनिक देवळांची दारे सर्व वर्गांना उघडण्याचा अधिकार राज्याला दिला आहे. कलम २६ पंथांना आपले धार्मिक व्यवहार स्वतः पाहू देते. एखाद्या धर्माच्या प्रसारासाठी कर लावायला कलम २७ मनाई करते, आणि तरीही कलम २९०-क प्रमाणे केरळच्या तिजोरीतून दरवर्षी ४६ लाख ५० हजार रुपये देवस्वम निधीला जातात, कारण त्रावणकोर संस्थानाने देवळांच्या जमिनी घेतल्या होत्या. डॉ. आंबेडकरांनी २ डिसेंबर १९४८ च्या भाषणात या रचनेमागचा विचार सांगितला. आपल्याकडे धर्माने जन्मापासून मरणापर्यंत आयुष्याचा प्रत्येक कोपरा व्यापला आहे. सगळेच धर्म म्हणून राखून ठेवले तर कोणतीही सामाजिक सुधारणा करता येणार नाही. तेव्हा जे मूलतः धार्मिक विधी-श्रद्धांचे आहे तेवढ्यापुरतीच धर्माची व्याख्या आवळावी, असा त्यांचा आग्रह होता. काळाराम मंदिराच्या दारात १९३० पासून सत्याग्रह चालवलेल्या माणसाचे हे बोलणे आहे, हे विसरून ते वाचता येणार नाही.

पण मूलतः धार्मिक काय, हे ठरवायचे कोणी? १९५४ च्या शिरूर मठाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते त्या त्या धर्माच्या शिकवणीवरून ठरवावे असे सांगितले. त्याच वर्षी मुंबईहून गेलेल्या रतिलाल गांधी खटल्यात वर सांगितलेला १९५० चा कायदा तपासला गेला. हिशेब, नोंदणी, देखरेख हे सरकारचे अधिकार टिकले. धार्मिक संस्थेचा कारभारच धर्मादाय आयुक्ताच्या हाती देणारी आणि न्यासाचा पैसा मूळ हेतूपासून दूर वळवणारी कलमे छाटली गेली. माझ्या मते भारतीय न्यायालयांनी या विषयात ओढलेली ही सर्वांत समजूतदार रेघ आहे. पुढे ती पुसट होत गेली. न्यायमूर्ती गजेंद्रगडकर साताऱ्याच्या संस्कृत पंडितांच्या घराण्यातले. त्यांनी १९६१ च्या अजमेर दर्ग्याच्या निकालात अंधश्रद्धेतून चिकटलेल्या प्रथांना संरक्षण मिळणार नाही असे म्हटले, आणि १९६६ साली स्वामीनारायण सत्संगींच्या खटल्यात हिंदू धर्म म्हणजे काय याचे दीर्घ विवेचन केले. सत्संगी म्हणत होते की आमचा पंथ हिंदू नाही, म्हणून दलितांना प्रवेश देणारा कायदा आम्हाला लागू नाही. निकाल योग्यच होता. पण दार उघडायला धर्माचे स्वरूप सांगण्याची गरज नव्हती. अस्पृश्यता गुन्हा ठरवणारे कलम १७ पुरेसे होते. न्यायाधीश एकदा शास्त्र्याच्या आसनावर बसले की प्रत्येक खटल्यात त्यांना तिथे बसावे लागते, आणि पुढच्या वेळी त्या आसनावर कोण असेल याची खात्री नसते.

मुंबईने या चर्चेला आणखी एक जड प्रश्न दिला. मुंबई प्रांताने १९४९ साली बहिष्कृत करण्याला बंदी घालणारा कायदा केला. दाऊदी बोहरांचे धर्मगुरू सय्यदना यांनी त्याला आव्हान दिले आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो रद्द केला. पंथाची शिस्त राखायला बहिष्कार हा धार्मिक अधिकार आहे, असे न्यायालयाने मानले. सरन्यायाधीश सिन्हा यांनी वेगळे मत नोंदवले, आणि ते वाचताना आजही अंगावर काटा येतो, कारण बहिष्कृत माणसाला दफनभूमीसुद्धा नाकारली जाते हे त्यांनी पाहिले होते. महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा केला तो मुख्यतः जातपंचायतींच्या छळामुळे. जातपंचायत आणि धर्मगुरू यांनी टाकलेल्या वाळीत सोसणाऱ्याच्या दृष्टीने फरक काय? सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये १९६२ चा निकाल फेरविचारासाठी नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला.

आता पंढरपूर. संग्रहात त्याला सर्वांत जास्त पाने दिली आहेत आणि इथेही मी त्यावर रेंगाळणार आहे, कारण उंबरठ्यावरच्या राज्याची सगळी गुणदोषांसकट कहाणी तिथे पाहायला मिळते. अस्पृश्य संत चोखोबांची समाधी महाद्वारासमोर आहे. शतकानुशतके अस्पृश्य वारकऱ्याची वारी तिथेच संपत होती. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी प्राण पणाला लावून उपोषण केले आणि देऊळ उघडले. त्याच वर्षी मुंबई प्रांताने मंदिरप्रवेशाचा कायदा केला. दार उघडले तरी आतला कारभार बडवे आणि उत्पात या वंशपरंपरागत पुजारी घराण्यांकडे होता: पूजेचे हक्क, दक्षिणेच्या वाट्यांचे लिलाव, भाविकांची अडवणूक. तक्रारी इतक्या झाल्या की सरकारने नाडकर्णी आयोग नेमला आणि त्यानंतर १९७३ चा पंढरपूर मंदिरे अधिनियम आला. वंशपरंपरागत हक्क रद्द झाले, मंदिर समिती आली. बडवे-उत्पात कोर्टात गेले आणि तो वाद जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात संपला. त्याच वर्षी समितीने पुजारीपदासाठी सर्व जातींच्या माणसांकडून, स्त्रियांकडूनही अर्ज मागवले.

या कहाणीत सरकार नसते तर काय झाले असते, याचा विचार प्रत्येकाने करावा. वारकरी संप्रदायाकडे समतेची केवढी मोठी वाणी होती, पण दाराची किल्ली दुसऱ्याकडे होती. वाणीला किल्ली मिळवून द्यायला साने गुरुजींचे उपोषण लागले आणि कायदाही लागला. दुसऱ्या बाजूला, आत आलेले सरकार बाहेर कधी जाणार, हे १९७३ च्या कायद्याने सांगितले नाही. समित्यांवर नेमणुका सरकार करते आणि त्या नेमणुकांना पक्षाचा वास येतो. शिर्डीच्या संस्थानासाठी २००४ साली वेगळा कायदा झाला, तिथले विश्वस्त मंडळ सप्टेंबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला बरखास्त करावे लागले. पंढरपूरच्या कायद्यालाही २०२३ मध्ये उच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. देवळे सरकारच्या तावडीतून सोडवा, ही मागणी आज देशभर मोठ्या आवाजात होते. तिच्यातला पक्षीय नेमणुकांवरचा राग मला पटतो. देवळे सोडायची तर कोणाच्या हातात द्यायची, याचे उत्तर मागणी करणारे देत नाहीत, आणि बडव्यांच्या काळात वारीला गेलेल्या घरांना ते उत्तर हवे आहे. माझ्या मते समितीवर वारकरी, गावकरी, मंदिरातले सेवेकरी यांनी निवडलेली माणसे असावीत आणि सरकारकडे फक्त हिशेबाची आणि प्रवेशाची हमी राहावी.

आषाढी एकादशीला मुख्यमंत्री सपत्नीक शासकीय महापूजा करतात, शेजारी मानाचे वारकरी दांपत्य असते. सेक्युलर राज्याच्या प्रमुखाने हे करावे का, असा आक्षेप सत्तरच्या दशकापासून घेतला जातो. ही पूजा बंद झाली तर विठ्ठलाचे काही अडणार नाही, वारकऱ्याचेही नाही. मी ती बंद व्हावी या मताचा आहे. एखादा मुख्यमंत्री भक्त असेल तर त्याने रांगेतून जाऊन दर्शन घ्यावे. वारीच्या वाटेवर पाणी, दवाखाने, शौचालये, रस्ते यांवर मात्र सरकारने सढळ हाताने खर्च करावा, कारण तिथे लाखो नागरिक चालत असतात. नाशिकच्या सिंहस्थालाही हीच कसोटी लावावी, आणि हजच्या विमानभाड्याचे अनुदान २०१८ मध्ये थांबले तेही याच कसोटीवर योग्य होते. माणसाच्या जिवाची काळजी हा सरकारचा खर्च. पुण्य हा ज्याचा त्याचा.

विचारवंतांच्या जगात या विषयाची मांडणी साधारण तीन वाटांनी झाली. डोनाल्ड यूजीन स्मिथने १९६३ च्या ग्रंथात भारताला अमेरिकी भिंतीच्या मापाने मोजले आणि त्याला भारत पुरता बसणारा दिसला नाही. ऐंशीच्या दशकात आशीष नंदी आणि त्रिलोकीनाथ मदन यांनी उलट बाजूने हल्ला केला: ही कल्पनाच बाहेरची, श्रद्धाळू समाजाला परकी, आणि सहिष्णुतेचे आपले झरे धर्मातच आहेत. राजीव भार्गव यांनी मधली वाट दाखवली. राज्याने सगळ्या धर्मांपासून सारखेच अंतर राखायचे नसते. स्वातंत्र्य आणि समता यांसाठी कुठे जवळ जायचे, कुठे लांब राहायचे हे तत्त्वावर ठरवायचे. मी तिसऱ्या वाटेच्या जवळ आहे, पण तिच्यातला धोका मला स्पष्ट दिसतो. तत्त्वाच्या नावाखाली एका समाजाच्या जवळ आणि दुसऱ्यापासून लांब राहण्याची सोय सत्ताधाऱ्याला सहज करून घेता येते. नंदींशी माझे भांडण साधे आहे: धर्मातले सहिष्णुतेचे झरे खरे आहेत, पण चोखोबांना ते महाद्वाराच्या आत नेऊ शकले नाहीत.

मराठीत या चर्चेचा स्वतंत्र वारसा आहे आणि इंग्रजीतल्या ग्रंथांत त्याची दखल फारशी घेतली जात नाही. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी वाईला बसून धर्मकोशाचे खंड संपादत होते आणि त्याच वेळी मंदिरप्रवेशाला शास्त्राधार देत होते. नरहर कुरुंदकरांनी हिंदू आणि मुस्लिम दोन्ही जमातवादांची चिकित्सा त्याच धारेने केली. आणि हमीद दलवाई. १८ एप्रिल १९६६ ला त्यांनी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत सचिवालयावर नेला. मागणी तोंडी तलाक बंद करण्याची होती. २२ मार्च १९७० ला पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ निघाले. शाहबानोचा निकाल १९८५ चा, तोंडी तलाक असंवैधानिक ठरवणारा निकाल २०१७ चा. मधली सगळी वर्षे सरकारे समाजाचे म्हणणे ऐकतो म्हणून मौलवींचे ऐकत होती. त्या सात बायका समाजात मोजल्याच गेल्या नाहीत. २०१९ च्या कायद्याने तोंडी तलाक फौजदारी गुन्हा केला, नवऱ्याला तुरुंग ठेवला. बायको सोडून जाणाऱ्या इतर धर्मांतल्या नवऱ्याला तशी शिक्षा नाही. दलवाईंचा वारसा सांगणाऱ्यांनी या विषमतेबद्दलही बोलायला हवे.

एकाच मापाची ही कसोटी फार ठिकाणी लावता येते. हाजी अली दर्ग्याच्या मजारीपर्यंत स्त्रियांना प्रवेश देणारा निकाल आणि शनिशिंगणापूरच्या चौथऱ्याचा आदेश, दोन्ही मुंबई उच्च न्यायालयाचे आणि २०१६ चेच. एकाच मापाचा तो नमुना आहे. उलट, बहुतेक देवस्थान कायद्यांत समितीचा सदस्य त्या श्रद्धेचा असावा लागतो, आणि २०२५ च्या वक्फ दुरुस्तीने मात्र वक्फ मंडळांवर बिगर-मुस्लिम सदस्य आणले. धर्मांतरित दलितांची गोष्ट तर अधिक टोचणारी आहे. १९५० च्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंना आणि काही शीख जातींनाच होत्या. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात ज्यांनी बुद्धाला शरण जाणे पत्करले, त्यांना केंद्राच्या सवलतींसाठी १९९० पर्यंत थांबावे लागले. राज्य स्थापन झाल्यावर महाराष्ट्राने आपल्यापुरत्या त्या दिल्या, हे यशवंतराव चव्हाणांच्या सरकारचे श्रेय. ख्रिस्ती आणि मुस्लिम दलितांना त्या अजून नाहीत. धर्म बदलल्याने जात सुटत नाही हे सरकारला १९९० साली बौद्धांबाबत कळले असेल, तर इतरांबाबत ते कळायला अडचण कोणती?

गोव्यावरच्या लेखाकडे मुद्दाम लक्ष वेधतो. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा दाखला समान नागरी कायद्याच्या बाजूने नेहमी दिला जातो. तिच्यातही कॅथलिकांच्या चर्चमधल्या लग्नाला वेगळी वाट आहे आणि हिंदूंच्या जुन्या रूढींसाठी वेगळी कलमे आहेत. संपत्तीत पती-पत्नीचा समान वाटा हा तिचा खरा गुण. समानता हवी ती स्त्रीपुरुषांत आधी हवी, धर्माधर्मांत नंतर. गोव्याची चर्चा या क्रमाने केली तर उपयोगी पडेल.

जादूटोणाविरोधी कायदा या पुस्तकातला मला सर्वांत जवळचा भाग आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी वर्षानुवर्षे खस्ता खाल्ल्या. २० ऑगस्ट २०१३ ला त्यांचा खून झाला आणि त्यानंतर कायदा झाला. त्याने कोणत्या श्रद्धेला खोटे ठरवले नाही. भूत उतरवण्यासाठी मारहाण, नरबळी, अघोरी उपचार अशी इजा करणारी कृत्ये त्याने परिशिष्टात एकेक करून नोंदवली, आणि वारी, कीर्तन, प्रदक्षिणा, प्रवचन यांना स्पष्ट मोकळीक दिली. धर्म कोणता हे न सांगता माणसाला वाचवण्याची ही रीत आहे. न्यायालयांनी पन्नास वर्षे 'अत्यावश्यक प्रथा' शोधण्यात घालवली, तिथे हा मराठी कायदा इजा कुठे होते एवढेच विचारतो.

हा संग्रह कोणत्याही एका मताचे घोषणापत्र नाही. वकील, इतिहासाचे अभ्यासक, न्यासांचे विश्वस्त, वारकरी, चर्चशी निगडित कार्यकर्ते, सुधारणावादी मुस्लिम लेखिका अशांनी आपापल्या अनुभवातून लिहिले आहे. त्यांना घातलेली अट एकच होती: तत्त्व सांगायचे तर त्याबरोबर एक खटला, एक देवस्थान, एक कायदा किंवा एक माणूस समोर ठेवायचा. त्यामुळे काही विषय मागे राहिले. धर्मांतरबंदीचे कायदे, शाळांमधले धार्मिक शिक्षण, भोंगे आणि आवाजाचे नियम यांवर जेवढे यायला हवे तेवढे इथे आलेले नाही. पहिल्या विषयाला तर स्वतंत्र पुस्तक लागेल. लेख कालक्रमाने लावलेले नाहीत. पंढरपूरपासून सुरुवात करणाऱ्याला कायद्याचे लेख सोपे जातील असे मला वाटते. ज्यांना सरकारने धर्माच्या वाटेला जाऊच नये असे वाटते त्यांनी ग्रामजोशाच्या वतनावरचा लेख आधी वाचावा, आणि ज्यांना सरकारने सगळेच ताब्यात घ्यावे असे वाटते त्यांनी शिर्डीवरचा. बहिष्काराच्या प्रश्नावर दोन्ही बाजूंचे लेख शेजारी शेजारी छापले आहेत. सय्यदनांच्या बाजूने लिहिलेला युक्तिवाद मला मान्य नाही, पण त्यातला एक मुद्दा मला खोडता आलेला नाही: आपल्या संस्थेत कोणाला घ्यावे हे ठरवण्याचा अधिकार सरकारने एका पंथाकडून काढून घेतला, तर उद्या तोच अधिकार एखाद्या छोट्या, नको असलेल्या पंथाकडूनही काढून घेतला जाईल. दफनभूमी, लग्न आणि रोजगार यांपासून कोणालाही तोडता येणार नाही, एवढे कायद्याने राखून सभासदत्वाचा प्रश्न पंथाकडे सोडता येईल का, हे त्या दोन लेखांच्या मधल्या जागेत वाचकांनी शोधावे.